गाडी कोणतीही घ्या, हिशेब घाटासकट करा

मा. संपादक,
स. न.

सुट्या जवळ आल्या की साताऱ्यात एक वाद हमखास रंगतो: मुंबईला इलेक्ट्रिक गाडी न्यावी की पेट्रोलची? मग शोरूममध्ये सांगितलेला 'एका चार्जमध्ये इतके किलोमीटर' हा आकडा पुढे येतो. तो महामार्गावर टिकत नाही. ताशी ८० ऐवजी १०० ने गेले की हवेचा विरोध दीडपटीहून अधिक वाढतो. ४० युनिटची बॅटरी त्या वेगात सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरच जाते. मुंबई अडीचशेच्या पुढे, म्हणजे वाटेत एकदा थांबणे आलेच.

त्यात घाट. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर. माणसांसह १७०० किलोची गाडी तेवढी वर आणायला निव्वळ सव्वातीन युनिट लागतात, मोटरमधली घट वेगळी. म्हणून मुंबईहून येताना वीस-पंचवीस किलोमीटरची रेंज चढातच जाते. उतारावर मोटर उलट वीज तयार करते आणि यातले बरेचसे परत मिळते, पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ते साठणार कुठे? महाबळेश्वरला रात्रभर शंभर टक्के चार्ज करून सकाळी पसरणी घाट उतरणारे इथेच फसतात. सगळा भार ब्रेकवर येतो. तिथे ९० टक्क्यांवर थांबावे.

बोरघाटातल्या कोंडीची भीती मात्र उगाच. उभ्या गाडीत एसी तासाला एक-दीड युनिट घेतो. पेट्रोल इंजिन तेवढ्या वेळात अर्धा-पाऊण लिटर जाळते, वर क्लचप्लेट झिजते ती निराळीच.

खर्चात इलेक्ट्रिक सरस आहे. पेट्रोल लिटरला शंभरावर आणि सरासरी लिटरला १५ किलोमीटर धरली, तर किलोमीटरला सात रुपये पडतात. महामार्गावरच्या चार्जरला युनिटमागे वीस-पंचवीस मोजूनही चारच्या आसपास, घरच्या विजेवर त्याहून कमी. राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोलमाफीही दिली. आनेवाडी आणि खेड शिवापूरला मात्र फास्टॅग वाजतोच.

गावी यात्रेला जाणार असाल तर आधी अर्थिंग तपासून घ्या. जुन्या वाड्यात ते नसतेच, मग चार्जरचा लाल दिवा लागतो आणि गाडी रात्रभर नुसती उभी. एक्स्टेंशन बोर्ड तर लावूच नये, वितळतो. १५ अँपिअरचा पक्का सॉकेट असेल तर रात्रीत तीस युनिट सहज भरतात. गाडी वाटेत संपलीच, तर दोर बांधून ओढू नका. चाकांबरोबर मोटर फिरते आणि बिघडू शकते. गाडी पाठीवर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रकच बोलवा.

कुंभार्ली घाट उतरून कोकणात जायचे असेल तर आजही पेट्रोलच बरे. कोयनेच्या खोऱ्यात मोबाईलला रेंज नसली की ॲपवर चालणारा चार्जर सुरूच होत नाही. सीएनजी स्वस्त खरा, पण पंपावर दाब कमी असला तर आठ किलोच्या टाकीत पाच-सहाच भरतो, आणि डिकीत बॅगा मावत नाहीत.

संबंधितांना एकच विनंती. चार्जरवर '६० किलोवॅट' लिहिलेले असते. त्याच्या दुसऱ्या गनला (गाडीत खोचायच्या केबलला) गाडी लागली की अनेक ठिकाणी ते ३०-३० असे वाटले जातात आणि पाऊण तासाचे काम दीड तासावर जाते. दोन्ही गन चालू असताना किती किलोवॅट मिळतील, तेही फलकावर मराठीत लिहावे. आणि नेटवर्क नसताना पैसे भरायला कार्डाची सोय ठेवावी.

– वाहन दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक, सातारा