आमच्यासाठी शब्द टाकणाऱ्या मंडळींना

आदरणीय मॅडम, सर, सिस्टर आणि विद्यापीठाच्या आरोग्य उद्योजकता कार्यक्रमातली सगळी मंडळी,

स. न. वि. वि.

परवा आमच्या कारखान्यातून कूस बदलायच्या चादरींचा, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला सहज वळवता यावं म्हणून आम्ही बनवलेल्या चादरींचा, पहिला मोठा गठ्ठा रवाना झाला. फोनवर तुम्हाला कळवलंच आहे. पण फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही लगेच "ते राहू दे, पुढचं काय ते बोल" म्हणता, म्हणून हे पत्र लिहिते आहे. आणि ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण तुम्ही जे काम करता ते सत्कार समारंभात दिसत नाही आणि सोलापुरात ते कळायला हवं.

आमचे यंत्रमाग पूर्व भागात. टॉवेल आणि चादरी. घरात लहानपणापासून बीम, कांड्या आणि सुताचा भाव हेच कानावर पडलेलं. दवाखान्याला लागणारं कापड आपणही विणू शकतो असं वाटणं निराळं आणि वॉर्डात उभं राहायला मिळणं निराळं. टॉवेलवाल्याच्या मुलीला तिथे कोण आणि का घेणार? रुग्णांची खाजगी बाब असते, संसर्गाची धास्ती असते, सिस्टरांना पाणी प्यायला फुरसत नसते. मॅडम, तुम्ही आमच्यासाठी शब्द टाकलात. पत्र दिलंत, स्वतः जाऊन भेटलात, कुठे उभं राहायचं आणि कशाला हात लावायचा नाही हे आम्हाला आधी शिकवलंत. उद्या आमच्यातल्या कुणी तिथे वेडंवाकडं वागलं असतं तर तुमचं नाव खराब झालं असतं. हे माहीत असूनही तुम्ही आम्हाला पाठवलंत. आभारांचं पहिलं कारण हेच आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोठंही.

सुरुवातीला कागदावर एकही चित्र काढायचं नाही, नुसतं बघायचं आणि लिहायचं, हा सरांचा दंडक होता. ही रीत अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात 2001 मध्ये सुरू झालेल्या बायोडिझाइन कार्यक्रमातून आली आणि 2007 मध्ये एम्स आणि दिल्लीच्या आयआयटीच्या मदतीने भारतात रुजली, हे तुम्ही वर्गात सांगितलं होतं. आधी गरज ओळखा, मग उपाय शोधा, आणि मग तो बाजारात न्या. ऐकायला सोपं वाटतं. पण ती रीत अंगात भिनली ती निवृत्त इन्चार्ज सिस्टरांच्या मागे मागे वॉर्डात फिरताना.

त्या दिवशी अर्धांगवायूचे एक आजोबा पलंगावरून खाली घसरत आले होते. मुलाने काखेत हात घातले, सुनेने पाय धरले आणि दोघांनी त्यांना उशीपर्यंत ओढलं. आम्ही सगळे आजोबांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. सिस्टर हळूच म्हणाल्या, "चादरीकडे बघा." माकडहाडाखाली चादर गोळा होऊन तिच्या घड्या पडल्या होत्या. मग बाहेर व्हरांड्यात त्यांनी समजावून सांगितलं. बेडसोर, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणारी जखम, नुसत्या दाबानेच होते असं नाही. ओढताना कातडी चादरीला धरून राहते, आतलं हाड पुढे सरकतं आणि मधल्या बारीक रक्तवाहिन्या ताणल्या जातात. माकडहाड, खुबा, टाच ही नेहमीची ठिकाणं. दर दोन तासांनी कूस बदला असं नातेवाइकांना सांगितलं जातं. पण रात्री तीन वाजता त्या पलंगाशी बहुधा एकटी बाईच असते, आणि तिला झोप मिळून कितीतरी दिवस झालेले असतात.

त्यानंतर तुम्ही आम्हाला एक वाक्य लिहायला लावलंत आणि ते पुन्हा पुन्हा खोडायला लावलंत. शेवटी राहिलं ते असं: अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस घरच्या एकट्या व्यक्तीला, कातडी न घासता, बदलता आली पाहिजे. कारखाना आमचा असला तरी या वाक्यात चादर येता कामा नये, असा सरांचा आग्रह होता. उपाय आधीच वाक्यात शिरला की गरज दिसेनाशी होते, हे तुम्ही इतक्या शांतपणे पटवून दिलंत की आजही नवीन ऑर्डर आली तरी मी आधी तसंच एक वाक्य लिहून बघते.

चादर नंतर आली. वरून बुटक्या फंद्यांचा सुती टेरी (टॉवेलचं कापड असतं तसा), खालून गुळगुळीत पॉलिस्टर, आणि दोन्ही बाजूंना धरायला पट्टे. नमुना हातात घेऊन सिस्टरांनी काय करावं? तो हायपोच्या (जंतुनाशक ब्लीचच्या) पाण्यात बुडवला, उकळला, वाळवला आणि पट्ट्याला धरून सगळा जोर लावून ओढला. मग म्हणाल्या, रुग्णाचं वजन शिलाईवर नको यायला. म्हणून आता पट्टा या काठापासून त्या काठापर्यंत चादरीखालून सलग जातो आणि शिलाई त्याला फक्त जागेवर धरून ठेवते. वडील तीस-पस्तीस वर्षं माग चालवतात. ते म्हणाले, या बाईंना कापड कळतं. आमच्या घरात यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नाही.

रुग्णांवर नमुना वापरून बघण्याआधी नैतिकता समितीची परवानगी लागते; तिच्या कागदपत्रांत ज्यांनी संध्याकाळ-संध्याकाळ घालवल्या त्यांचं नाव कुठल्याच फलकावर येणार नाही. रुग्णाची संमती त्याला समजेल अशा भाषेत घ्यायची असते, आणि आपल्या सोलापुरात एकाच वॉर्डात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी माणसं शेजारी-शेजारी असतात. चारही भाषांत संमतिपत्र तयार करा, एकही भाषा गाळू नका, असं मॅडमनी बजावलं होतं. कन्नडसाठी तुम्ही तुमच्या ओळखीच्या शिक्षकांना विनंती केलीत, उर्दूसाठी ग्रंथालयातल्या दादांना बसवलंत. तेलुगूचं संमतिपत्र मी आमच्या आजीला वाचून दाखवलं. तिने ज्या ज्या वाक्याला "म्हणजे काय गं?" विचारलं ते ते वाक्य बदललं. "नाही म्हटलंत तरी उपचारात काही फरक पडणार नाही" ही ओळ तुम्ही सगळ्यात वर आणि ठळक घ्यायला लावलीत. ती वाचून एका मावशींनी नाही म्हटलं, तेव्हा तुम्ही त्यांना हसून नमस्कार केलात. ते मी विसरणार नाही.

वैद्यकीय उपकरणांचे नियम 2017 मध्ये आले आणि एप्रिल 2020 पासून सगळीच उपकरणं त्यांच्या कक्षेत आली. जोखमीप्रमाणे ए, बी, सी, डी असे चार वर्ग. आपल्या वस्तूचा वर्ग कोणता, निर्जंतुक नसलेल्या आणि मोजमाप न करणाऱ्या ए वर्गातल्या वस्तूला परवान्याऐवजी पोर्टलवर नोंदणी कशी चालते, हे बाहेर एकाने भरमसाट पैसे सांगून करून द्यायची तयारी दाखवली होती. तुमच्याकडे आलेल्या तज्ज्ञांनी आम्हाला शेजारी बसवून ते आमच्या हातानेच करायला लावलं. शिवाय रजिस्टर ठेवायची सवय लावली: कुठल्या लॉटचं सूत, कुठल्या मागावर, किती धुण्यांनंतर काय झालं.

पैशाच्या बाबतीतला तुमचा खरेपणा मला फार मोलाचा वाटतो. जैवतंत्रज्ञानातल्या नव्या उद्योगांना मदत करणाऱ्या बायरॅक या सरकारी संस्थेच्या बिग योजनेत 18 महिन्यांसाठी 50 लाखांपर्यंत अनुदान मिळतं हे ऐकून आमचे डोळे चमकले होते. ते पैसे नव्या, अजून सिद्ध न झालेल्या तंत्रज्ञानासाठी आहेत, तुमच्या चादरीला त्यांची गरज नाही, असं तुम्ही सरळ सांगितलंत. अर्जात तुमच्या कार्यक्रमाचंही नाव झळकलं असतं, तरीही. त्याऐवजी पीएमईजीपीचा, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा, प्रकल्प अहवाल तुम्ही आमच्याकडून करून घेतलात. शहरातल्या महिलेला त्यात 25 टक्के अनुदान आहे, हे आमच्या गल्लीत कुणाला माहीत नव्हतं. आता निम्म्या गल्लीला माहीत आहे.

आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी. आमच्या तुकडीतल्या फिजिओथेरपिस्ट ताईने विडी कामगार बायकांच्या मानेच्या दुखण्यावर काम केलं. मांडीवर सूप, मान खाली, तासन्‌तास. तिने शेवटी लिहिलं की नवं आसन काढून हे दुखणं थांबणार नाही, कारण मजुरी हजार विड्यांमागे मिळते आणि उठलं की ती बुडते. तिची कंपनी निघाली नाही. पण तुम्ही तिचं सादरीकरण आमच्याइतकाच वेळ देऊन ऐकलंत आणि तो अहवाल कामगारांमध्ये काम करणाऱ्यांपर्यंत पोचवलात. अशा कार्यक्रमांचा हिशेब किती स्टार्टअप निघाले यावर मांडतात. तुम्ही तसा मांडला नाहीत, म्हणून तिला खरं लिहिता आलं.

वॉर्डातल्या मावशी, मामा, नमुना वापरून "इथे टोचतंय" असं स्पष्ट सांगणारे नातेवाईक, आमच्यासाठी प्रयोगशाळा उशिरापर्यंत उघडी ठेवणारे काका, या सगळ्यांपर्यंत हे पत्र मॅडम, तुम्हीच पोचवा.

पुढच्या तुकडीसाठी तेलुगू संमतिपत्रं लागली तर मी आणि आजी तयार आहोत. कुणाला कापडाचा नमुना विणून हवा असेल तर एक माग त्यासाठी राखून ठेवते आहे. फक्त दोन दिवस आधी सांगा, मागावर बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) चढवायला वेळ लागतो.

आपली,
पूर्व भागातली विद्यार्थिनी