मराठवाड्यात दुर्मिळ आजार कमी नाहीत, तपासणी कमी आहे

मा. संपादक,
नमस्कार.

दुर्मिळ आजारांच्या पेशंटची देशपातळीवरची नोंदवही, म्हणजे रजिस्ट्री आहे, आयसीएमआरची (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद). तिचा विषय निघाला की पहिला प्रश्न कोणत्या राज्यात पेशंट जास्त. माझं म्हणणं, ते आकडे आजार किती यापेक्षा तपासणीची सोय कुठं आहे हेच जास्त दाखवतात. नाव चढतं कुठं, तर जिथं जेनेटिक्सचे डॉक्टर आहेत तिथं. 2021 च्या दुर्मिळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणातल्या सेंटर ऑफ एक्सलन्समध्ये, म्हणजे या आजारांसाठी नेमलेल्या मोठ्या दवाखान्यांत, मुंबईचं केईएम आहे, मराठवाड्यातलं एकही नाही. मग आमची लेकरं मोजणार कोण?

आमच्या नात्यातलंच सांगतो. लेकराचं पोट फुगायला लागलं, आधी जंताचं औषध झालं, मग कावीळ म्हणून झाडपाला, मग प्लेटलेट कमी आल्या तर ब्लड कॅन्सरची भीती घातली, बोन मॅरो काढून झाला आणि शेवटी कुणीतरी एन्झाइमची टेस्ट लिहून दिली तेव्हा कळलं गौशे आहे, म्हणजे एका एन्झाइमच्या कमतरतेचा आनुवंशिक आजार. तोवर प्लीहा पार बेंबीच्या खाली. बरं, ही टेस्ट फिल्टर पेपरवर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबावरही होते, म्हणजे सँपल पोस्टानंही जाऊ शकतं! आणि मामाच्या पोरीशी सोयरीक आपल्याकडं आजही होते, आईबाप दोघंही वाहक (स्वतःला आजार नाही, पण त्याचा जीन अंगात) निघाले तर दर बाळंतपणाला चारात एक धोका, तरी इथं आजार नाहीत असं कोण मानेल.

उपचाराचं वेगळंच. गौशेचं इंजेक्शन दर पंधरा दिवसांनी, जन्मभर, आणि डोस वजनावर, म्हणजे लेकरू वाढलं की खर्च वाढला. सरकारची मदत 50 लाखांपर्यंत, ती संपली की पुढं काय याला उत्तर नाही. पण भाव उतरू शकतो हो. एसएमए या स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजारावरच्या रिसडिप्लाम औषधाची बाटली 6 लाखांच्या घरात होती, 2025 ला कोर्टकचेरी होऊन भारतीय जेनेरिक 15,900 रुपयांना आलं. पेशंट किती हेच पक्कं माहीत नसेल तर दुसऱ्या औषधांसाठी सरकार तरी कंपनीशी कशाच्या जोरावर घासाघीस करणार?

आरबीएसकेची, म्हणजे लेकरांची तपासणी करणाऱ्या सरकारी कार्यक्रमाची टीम अंगणवाडीत, शाळेत येतेच की. त्यांनी संशयित लेकरू दिसलं की सँपल घ्यावं, जिल्ह्यातून पुढं पाठवावं. रजिस्ट्रीत पहिलं लक्षण कधी दिसलं आणि निदान कधी झालं या दोन्ही तारखा असाव्यात, आणि पेशंटचा मूळ जिल्हा छापून यावा. नांदेड, देगलूर, उदगीरकडच्या माणसाला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ, तो तिकडंच जातो, त्याची गणती तेलंगणात नको. आमच्या आमदार-खासदारांनी रस्त्यांच्या भूमिपूजनातून वेळ काढून एवढं दिल्लीत विचारावं.

आपला,
एक वाचक, जिंतूर, जि. परभणी