झेंगर खटल्याचे अर्धे श्रेय

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतील लेखात १७३५ च्या न्यूयॉर्कमधील झेंगर खटला जिंकल्याचे सगळे श्रेय झेंगरचे वकील अँड्र्यू हॅमिल्टन यांना दिले आहे. चाळीस वर्षे काळा कोट घातलेल्या माणसाला हे खटकले.

जॉन पीटर झेंगर हा मुद्रक. गव्हर्नर विल्यम कॉस्बीवर टीका करणारा मजकूर छापला म्हणून त्याला अटक झाली, आणि जामिनाची रक्कम इतकी मोठी ठेवली की तो जवळजवळ नऊ महिने तुरुंगात राहिला. त्याचे मूळ वकील जेम्स अलेक्झांडर आणि विल्यम स्मिथ. त्यांनी थेट न्यायाधीशांच्या नेमणुकीलाच हरकत घेतली: 'सद्वर्तन असेपर्यंत' नव्हे, तर गव्हर्नरची 'मर्जी असेपर्यंत' नेमलेला न्यायाधीश निःपक्षपाती कसा? मुख्य न्यायाधीश डिलान्सी यांनी युक्तिवाद ऐकण्याऐवजी दोघांची सनदच काढून घेतली. (आमच्या बाररूममध्ये न्यायाधीशांबद्दल सगळेच बोलतात, तेही चहा पिताना आणि दार लोटून.)

मग न्यायालयाने जॉन चेंबर्स हा वकील नेमून दिला. त्याचे नाव तर कुणीच घेत नाही. पण ज्युरीच्या यादीत गव्हर्नरच्या मर्जीतली माणसे घुसवली होती, तिला त्याने हरकत घेतली आणि ती मान्य झाली. हॅमिल्टन यांच्या वाट्याला आयती ऐकून घेणारी ज्युरी आली, ती त्यामुळे. फिलाडेल्फियाहून आलेल्या या नामांकित वकिलाला खटल्याची तयारीही सनद गमावलेल्या अलेक्झांडर यांनीच करून दिली होती. हॅमिल्टन बोलले मात्र अप्रतिम, यात वाद नाही.

दुसरे म्हणजे, 'या निकालाने कायदा बदलला' हे लेखातील विधान चुकीचे आहे. मजकूर खरा असला तरी गुन्हा होतोच, हा तेव्हाचा इंग्रजी नियम निकालानंतरही कायम होता. ज्युरीने तो फक्त मानला नाही आणि झेंगरला निर्दोष सोडले. आणि ज्युरी दर वेळी तशी मिळत नाही. १९०८ मध्ये मुंबईत टिळकांवरील खटल्यातही ज्युरी होती. सात विरुद्ध दोन मतांनी तिने त्यांना दोषी ठरवले.

हॅमिल्टन यांना न्यूयॉर्क शहराने सोन्याच्या डबीतून मानपत्र दिले. अलेक्झांडर आणि स्मिथ यांना सनद परत मिळायला १७३७ साल उजाडले.

आपला,
एक निवृत्त वकील, सातारा