कालव्याला पाणी सुटण्याआधी : सर्व सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार,

जायकवाडीच्या डाव्या कालव्याला रब्बीचं आवर्तन, म्हणजे पिकांसाठी पाळीने सोडायचं पाणी, सुटणार आहे. पाणी पैठणहून परभणीकडे यायला वेळ लागतो, तेवढ्यात आपली कामं उरकून घेऊ. येत्या रविवारी सकाळी ९ वाजता मागच्या फाटकापाशी जमायचं. घरटी एक जण हवाच. घमेलं, खोरं सोबत आणा. नाली उपसायची आहे.

भिंतीबद्दल कळकळीची विनंती. आपली इमारत मूळची कापसाचं गोदाम. कालव्याकडची भिंत चुन्यात बांधलेली. ती ओल शोषते आणि उन्हात सोडून देते. वरून सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंट मारला की ओल आतच कोंडते. तळमजल्यावर एका खिडकीखाली नुसतं बोट फिरवलं तरी पांढरा क्षार आणि विटेची भुकटी हाताला लागते. म्हणून दुरुस्ती चुन्यानेच करा. कपाटं भिंतीपासून वीतभर दूर ठेवा.

- परवानगीशिवाय कालव्यात मोटर टाकू नये. तो गुन्हा आहे.
- लेकरांना काठावर एकटं सोडू नका. कालव्याचं आतलं अस्तर उताराचं आणि शेवाळलेलं आहे. पाय घसरला तर मोठ्या माणसालाही वर येणं अवघड.

रविवारी जमणार नसेल त्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावं.

– सचिव