शनिवारची लेखकभेट : सभासदांना विनंती

सभासदहो,

येत्या शनिवारी दुपारी ३ वाजता वाचनालयात आठवी-नववीच्या मुलांसाठी लेखकभेट आहे. विषय : गाव सोडावं लागलेली मुलं. भेटीसाठी निवडलेल्या दोन्ही कथा मुलांकडून आधी वाचून घ्या; प्रती कपाटात आहेत.

चिरेखाणींवर, आंब्याच्या बागांत कामाला आलेल्यांची मुलं आपल्याच शाळांत बसतात आणि हंगाम संपला की निघून जातात. मुंबईला गिरणीत गेलेले आजोबा आपल्याकडे घरोघरी आहेत. बोलणं तिथून सुरू करा. पण बाहेरून आलेल्या मुलाला सगळ्यांसमोर ‘तुझी गोष्ट सांग’ म्हणू नका, कृपा करून. वाटलं तर ते आपणहून सांगेल.

शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतचा प्रवेश अडवता येत नाही, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. खाणीवरच्या पालकांपर्यंत हे पोचवा.

सतरंज्या घालायला दोघं अडीचलाच या.