‘आगीचे लोळ’ नव्हे, चुंबकत्व!

महोदय,

सूर्यावर स्फोट झाल्याची बातमी आली की मथळ्यात ‘आगीचे लोळ’ हमखास असतात. पण तिथे काही जळत नसते. या घडामोडींचे मूळ चुंबकत्वात आहे आणि बातमीत नेमका तोच शब्द सापडत नाही. विज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला हे फार खटकते.

मे २०२४ मध्ये १३६६४ क्रमांकाचा डागसमूह (काळसर सौरडागांचा पुंजका) सूर्यबिंबावर होता. सुट्टीतली शेजारची मुले जमवून मी गच्चीवर दुर्बिणीतून पांढऱ्या पुठ्ठ्यावर सूर्याची प्रतिमा पाडली (दुर्बिणीला डोळा लावायचा नाही, हे आधी दोनदा बजावून). बशीपेक्षाही लहान वर्तुळात काळ्या ठिपक्यांचा सेंटिमीटरभर पुंजका उमटला. प्रत्यक्षात त्याची लांबी पृथ्वीच्या व्यासाच्या सुमारे १५ पट! एका मुलीने विचारले, “सूर्य एवढा तापलेला, मग तिथेच काळं का?”

प्रश्न अचूक होता. मोठ्या डागातले चुंबकीय क्षेत्र २ ते ४ हजार गॉस (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) असते. पृथ्वीचे जेमतेम अर्धा गॉस. एवढे तीव्र क्षेत्र खालून उसळणाऱ्या तप्त वायूला अडवून धरते. उष्णता पुरेशी वर येत नाही, डाग भोवतालपेक्षा दीड-दोन हजार अंशांनी थंड राहतो आणि म्हणून काळा दिसतो. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज हेल यांनी १९०८ मध्ये माउंट विल्सन वेधशाळेत डागाच्या वर्णपटातील, चुंबकीय क्षेत्रामुळे दुभंगलेल्या रेषांवरून हे चुंबकत्व ओळखले होते.

१३६६४ मध्ये चुंबकीय उत्तर आणि दक्षिण ध्रुव एकमेकांना अगदी खेटून होते. अशा जागी क्षेत्ररेषांना सुंभासारखा पीळ पडत जातो, त्यात ऊर्जा साठते. रेषा तुटून नव्याने जुळल्या की ती एकदम मोकळी होते; हाच तो स्फोट. त्यातून फेकलेला विद्युतभारित वायू पृथ्वीपर्यंत पोहोचला की आकाश उजळते. १०-११ मेच्या रात्री लडाखमधल्या हान्लेच्या आकाशात दिसलेली लाल प्रभा याच डागसमूहाची करणी.

भारताच्या ‘आदित्य एल-१’ या सौरयानावरची, सूर्याची अतिनील चित्रे टिपणारी ‘सूट’ दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत घडली. मराठी वाचकाला हा विषय परका नाही. तेव्हा एकच विनंती: हवामानाच्या रकान्यात पाऊस-तापमानाशेजारी सूर्यबिंबाचे त्या दिवशीचे छोटे चित्र छापा. गच्चीवरचा पुठ्ठा शेजारी धरून कालचा डाग किती सरकला, हे मुले स्वतः मोजतील.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सातारा