बाजारातली लेव्हल

बेळगाव

चि. सुजितला अनेक आशीर्वाद.

हुबळीला तुला बाजारपेठेचा रस्ता करायला दिलाय हे कळलं. फोनवर तू "हो बाबा, हो बाबा" म्हणून मोकळा होतोस, म्हणून लिहून पाठवतोय.

हायवेची लेव्हल, म्हणजे रस्त्याची उंची, ड्रॉइंगमधून येते, बाजारातली दुकानांच्या उंबरठ्यांवरून. खोदाईआधी दोन्ही बाजूंचे सगळे उंबरठे पाण्याच्या नळीनं मोजून वहीत उतरव. इथं आमचं काम चाललंय त्या गल्लीत भांड्यांच्या दुकानाला दोन पायऱ्या चढून जावं लागतं आणि शेजारची जुनी पेढी रस्त्याच्या वीतभर खाली. जुन्या डांबरावर नवं डांबर चढवत गेले की असंच होतंय. वरून नुसते काँक्रीटचे फरसबंदी ब्लॉक बसवले असते तर पावसाळ्यात पेढीवाल्याची गादी भिजली असती. म्हणून जुना थर सगळा उकरायला लावला. ठेकेदार कुरकुरला, पण बेळगावचा जुलै त्यालाही ठाऊक आहे. उतार मीटरला दोन-अडीच सेंटिमीटर, आणि तो गटाराकडेच.

ब्लॉक चालणाऱ्यांपुरता असेल तर 60 मिलिमीटर चालतो, टेम्पो येत असेल तर 80 च घे, एम-40 ताकदीच्या काँक्रीटचा. कागदावर बाजारात टेम्पो येत नसतो. पहाटे पाचला जाऊन बघ एकदा.

खालच्या वाळूवर मात्र डोळा ठेव. ती 25 ते 40 मिलिमीटर, जास्त नाही. बिगारी खड्डा दिसला की वाळूनंच भरतात. संध्याकाळी सगळं सपाट दिसतं, फोटोही छान येतो, आणि पहिल्या पावसात तिथंच डबकं. खड्डा खडी-मुरमानं भरून दाबून घ्यायचा, मग वाळू. कडेचे कर्ब, म्हणजे काठाचे दगड, आधी पक्के कर, नाहीतर ब्लॉक सरकतात. सांध्यात बारीक वाळू झाडून कॉम्पॅक्टर (दाबायचं यंत्र) फिरव, मग परत वाळू टाक.

पिवळ्या फरश्या शोभेच्या नव्हेत, दृष्टिहीनांना वाट कळावी म्हणून असतात. रेघांची चालायला, ठिपक्यांची थांबायला. रेघांची पट्टी नेऊन विजेच्या खांबाला भिडवलेली मी पाहिलीय.

भाजीवाल्या मावश्यांना आधी विचार कुठं बसणार ते. 2014 चा फेरीवाल्यांचा कायदा वाचून ठेव: सर्वेक्षण झाल्याशिवाय त्यांना उठवता येत नाही. आम्ही निम्मी गल्ली खोदतो, निम्मी चालू ठेवतो. वेळ लागतो, पण धंदा चालू असला की माणसं शांत असतात. दुकानदाराशी त्याच्या भाषेत बोल, इथं मला मराठी-कन्नड दोन्ही लागतात. शिव्याही दोन्हींत मिळतात म्हणा.

गणपतीच्या आधी गल्ली मोकळी करायची, हे आम्ही पहिल्याच दिवशी लिहून घेतलं. मिरवणुकीचे ट्रॅक्टर खोदलेल्या रस्त्यावर आले तर तंटा ठरलेला. तुझ्याकडचे सण, जत्रा, लग्नसराई विचारून घे.

आणि एक. आमचे ब्लॉक बसून महिना झाला नव्हता, तोच केबल टाकायला माणसं आली. ब्लॉक काढून परत बसवता येतात, हा त्याचा मोठा गुण म्हणे. येतात की, पण बसवणारा परत यायला पाहिजे ना! ती पट्टी शेवटी आमच्याच पोरांनी लावली, बिल कुणाला लावायचं ते अजून ठरायचंय. तू पाणी, वीज, केबल सगळ्यांची पत्रं आधीच घे, सही-शिक्क्यासह.

आईनं लोणचं भरून ठेवलंय. हुबळीला येणारं कुणी असेल तर कळव.

तुझे,
बाबा